शब्द सुरू व्हायच्या आत

एकच विशेषण एका पानावर दोनदा आलं, की ते तिच्या डोळ्यांत खुपायचं. एका प्रकाशनाच्या कचेरीत दुसऱ्यांची हस्तलिखितं साफसूफ करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे बाबांच्या लॅपटॉपवर एकच गाणं सात वेळा दिसलं, तेव्हा तिचा हात सवयीने पुसायच्या बटणाकडे गेला.

बाबा गेल्याला दोन महिने होत आले होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या समारंभांत गाणी लावली. आधी कॅसेटी, मग सीड्या, मग हा लॅपटॉप. जाण्याआधी त्यांनी एक काम घेऊन ठेवलं होतं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला भट्टी मुलाच्या हाती सोपवून निवृत्त होणार होता, त्याचा दुपारचा कार्यक्रम.

"तुझ्या बापाने शब्द दिलाय," वायरकाका म्हणाले. बाबांचे हे भागीदार स्पीकर आणि वायरींचे धनी, म्हणून ते वायरकाका. "स्पीकर मी लावतो, वायरी मी ओढतो. पण त्या डबड्यातलं मला काही म्हणजे काही कळत नाही. गाण्यांना तू बस."

कॉलेजात असताना ती सुट्टीच्या दिवशी बाबांच्या शेजारी बसायची. तेवढ्या भांडवलावर ती हो म्हणाली. पण बेकरीवाल्याच्या नातवंडांनी मागितलेली गाणी भरायला गेली, तर डिस्कमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती. म्हणून सकाळी चहा घेऊन ती आवरायला बसली.

गाणी गायकाप्रमाणे लावलेली नव्हती, सालाप्रमाणेही नव्हती. बाबांनी फोल्डरांना नावं दिली होती, 'खुर्चीला चिकटलेले', 'हातात ताटं आहेत', 'पोरंटोरं', 'व्याही रुसलेत', 'चपला सापडेनात'. आधी तिला हसू आलं. मग ती एकेक ऐकत गेली. 'खुर्चीला चिकटलेले'मधलं पहिलंच गाणं लागलं आणि टेबलाखाली तिचा पाय हलायला लागला. 'व्याही रुसलेत'मध्ये सगळी अशी गाणी होती, की ज्यांचं धृपद कुणालाही तोंडात आल्यावाचून राहू नये. तोंड उघडलं की रुसवा कसा टिकणार? माणसं कळल्याशिवाय असे कप्पे करता येत नाहीत, हे तिला कळत होतं. इतक्या वर्षांत तिच्या हाताखालून गेलेल्या कित्येक कादंबऱ्यांना ते साधलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी ते सात वेळा ठेवलेलं गाणं होतं. 'शेवटचं', 'शेवटचं नवीन', 'शेवटचं नवीन खरं', 'आता हेच शेवटचं', असं करत करत सातवं 'शेवटचं पुढचं'. तिच्या कचेरीतले लेखकही फायलींना अशीच नावं देतात. तिने सहांवर पुसायची खूण केली. पण वाचल्याशिवाय काट मारायची नाही हा तिचा नियम होता. तिने पहिलं लावलं. बासरी, पाठोपाठ ढोलकी, आणि मग गाणाऱ्या बाईचा आवाज. दुसरं लावलं. बासरी, ढोलकी, पुन्हा बासरी, मग आवाज. तिसऱ्यात बाई आणखी उशिरा आली. चौथ्यात त्याहून उशिरा. नुसते सूर तेवढे वाढत गेले होते, आणि जोड कुठे दिला आहे ते काही केल्या ऐकू येत नव्हतं.

गाणं तिच्या ओळखीचं होतं. बाबांच्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट तेच असायचं. आई मागे, दाराजवळ, स्पीकरच्या रिकाम्या खोक्यांपाशी बसलेली असायची. बासरी वाजली की ती उठायची, पूर्ण हॉल ओलांडून पुढे यायची, आणि बाईने पहिला शब्द उच्चारायच्या आत तिचा हात बाबांच्या हातात असायचा. मग दोघं तिथेच नाचायची. लोक त्यासाठी थांबायचे. "मी कधी धावले नाही आणि कधी उशीरही केला नाही," आई सांगायची, आणि सांगताना मान ताठ करायची.

तिने फायलींच्या तारखा पाहिल्या. दुसरी फाईल आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वर्षातली होती. चौथी, काठी आली तेव्हाची. सातवी बाबा आजारी पडल्यानंतरची. ती कुठेच वाजली नव्हती.

तिने वायरकाकांना फोन लावला. "काका, बाबा नवा हॉल बघायला जायचे तेव्हा काय करायचे?"

"चालायचा. दारापासून टेबलापर्यंत, अगदी गोगलगायीसारखा. मी म्हणायचो, अरे, वायरीचं माप घेणं माझं काम, तू कशाला तंगडतोड करतोस? तर म्हणायचा, तुझी वायर तू बघ, माझी मी बघतो. पण तू का विचारतेस गं?"

"काही नाही. सहजच."

तिने सहाही खुणा काढल्या. जागा करायला कचेरीची जुनी हस्तलिखितं पुसली. कधीतरी तिनेच ती तिथे ठेवली होती.

आता प्रश्न आईचा होता. "मी येईन," आई म्हणाली, "पण उठायबिठायची नाही. कुणासाठी उठायचं?" गाणं न लावावं, तर आईला वाटणार, आपल्याला हिशेबातच धरलं नाही. लावावं आणि आई आढेवेढे घेत उठलीच, तर अर्ध्या हॉलमध्ये, चारचौघांसमोर, तिला आयुष्यात पहिल्यांदा उशीर व्हायचा. मग बाबांनी इतकी वर्षं झाकून ठेवलेलं सगळं तिथेच उघडं पडायचं.

कार्यक्रम छान रंगला. बेकरीवाला आधी लाजला, मग खुर्चीवरून उठला तो खाली बसेचना. "आता भट्टीपेक्षा हाच तापलाय!" त्याची बायको म्हणाली. चपला शोधायची वेळ झाली, तेव्हा तिने 'शेवटचं पुढचं' लावलं.

बासरी वाजली. मागे दाराजवळ बसलेल्या आईने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ढोलकी आली. आई बसूनच. बाबांनी वाढवून ठेवलेले सूर एकेक करून संपत चालले. बरेचसे संपले, आणि मग आईने काठी हातात घेतली.

"मेलो," वायरकाका पुटपुटले. "ही आत्ता निघाली?"

पडद्यावर रेघ बाईच्या आवाजाकडे सरकत होती. लूपचं बटण दाबलं की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, हे तिला ठाऊक होतं. पण जुनी गाणी माणसांनी वाजवलेली, त्यांची लय घड्याळासारखी नसते. बोट जरा चुकलं की ढोलकी ठेचकाळते आणि सगळ्यांच्या माना वर होतात. तेवढ्यात तिला दिसलं, आवाजाच्या जरा अलीकडे बाबांनी एक लाल खूण करून ठेवली होती. बाकीच्या सहांत ती नव्हती. इथून धर, असंच जणू.

रेघ खुणेवर आली आणि तिने बटण दाबलं. ढोलकी मागे गेली, पुढे आली, कुणालाही काही कळलं नाही. आई हॉलच्या मधोमध होती. लोक बाजूला होत होते. बासरी पुन्हा आली. आणखी एकदा. आईची काठी टेबलाच्या पायाला लागली, तेव्हा तिने बटण सोडलं, टेबलाला वळसा घालून गेली आणि आईचा हात धरला. बाईने पहिला शब्द उच्चारला.

"पाहिलंस?" आईला धाप लागली होती, पण मान ताठ होती. "अजून पोचते."

"हो. अगदी वेळेवर."

"तुझे बाबा हुशार. गाणंच असं निवडलं, सुरुवात मोठी असलेलं." आई तिच्या खांद्यावर हात ठेवून डोलू लागली. "आणि तू पायाकडे काय बघतेस? बापाकडून काहीच शिकली नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा लॅपटॉपपुढे बसली. सातव्या गाण्याची नक्कल केली, त्यात थोडे सूर वाढवले, आणि डोळे मिटून ऐकलं. जोड ऐकू येत होता. अगदी बारीक, कापडाला गाठ पडावी तसा. तिने तो उसवला आणि पुन्हा घातला. पुन्हा ऐकू आला. बाबांच्या सातांमधला एकही तिला सापडला नव्हता.

आतल्या खोलीतून आईची हाक आली, "चिंगे, चहा गार होतोय! काय चाललंय तुझं एवढं?"

"आवरतेय गं," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.