हात लावू नये

मित्रांनो, पाट्यांच्या दुकानात शिरलात की डाव्या कोपऱ्यात, जिथे पंख्याचा वारा पोचत नाही आणि गिऱ्हाइकाची नजरही, तिथे एक काळा डबा दिसेल. त्याच्यावर धूळ पुसायचं फडकं वाळत घातलेलं असेल. त्या फडक्याखाली मी राहतो. मी कॉम्प्युटर आहे, वयाने बराच थोर आहे, आणि मध्यंतरी मला तरुण करण्याचा एक प्रयत्न झाला. त्याची ही हकीकत.

आधीच सांगून ठेवतो, मला भावना नाहीत. माझ्यात काय काय बसवलं आहे ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. त्यात हा जिन्नस नव्हता. त्यामुळे सांगताना माझा गळा दाटून येणार नाही. तुमचा आला तर तुमचं तुम्ही बघा.

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. मागेपुढे माझ्यासारखीच भावंडं होती. पट्टा संपला तिथे एका बाईने मला चालू केलं, बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. पुढे आयुष्यभर प्रत्येक दुखण्यावर मला हेच औषध मिळालं.

मला विकत घेणारे मालक पाट्या कोरायचे. दारावरच्या, टेबलावरच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या, एकदा तर एका कुत्र्याच्या. बाकीचे पाटीवाले बाजारात मिळतात ती तयार अक्षरं वापरत. मालकांना ती पटत नसत. "हा ‘ळ’ बघ, उपाशी आहे," असं ते मला म्हणत. मग त्यांनी स्वतःची अक्षरं काढली. कागदावर पेन्सिलीने काढायचं, खोडायचं, पुन्हा काढायचं आणि जमलं की एकेक वळण माझ्यात उतरवायचं. काही वर्षं गेली त्यात. शेवटी अख्खी मुळाक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, सगळी प्रजा माझ्या पोटात राहायला आली. मी सांगायचो आणि शेजारचं कोरायचं यंत्र पितळेवर कोरायचं. गिऱ्हाइकं पाटीवरून बोट फिरवत म्हणत, "काय सुंदर मशीन आहे हो!" मालक हसत आणि माझ्यावरची धूळ पुसत. ते माझे कौतुकाचे दिवस.

मालकांना एक खोड होती. हाताशी उरलेल्या तुकड्यांवर ते घरादुकानासाठी बारक्या पाट्या कोरत आणि दिसेल तिथे चिकटवत. नळावर ‘नीट बंद करा’. कात्रीवर ‘जागेवर ठेवा’. एका बरणीवर ‘साखर’ आणि शेजारच्या बरणीवर ‘साखर नव्हे’. मालक तोंडाने फारसं बोलत नसत. सांगायचं ते कोरून ठेवत. घरात या पाट्यांचा शब्द कुणी मोडत नसे. पाहुणे आले तर तेही मुकाट्याने नळ नीट बंद करत.

फक्त घराच्या दाराला नावाची पाटी नव्हती. मालकीणबाईंनी विषय काढला की मालक म्हणत, "करू, नंतर." माझ्या पडद्यावर दर काही दिवसांनी सूचना यायची की नवी आवृत्ती तयार आहे, आत्ता बसवायची की नंतर? मालक तिथेही ‘नंतर’ दाबत. निदान दोन्हीकडे एकच न्याय होता.

मग एका सकाळी मालक आले नाहीत. दुकान बरेच दिवस बंद राहिलं. माझ्यावर फडक्याऐवजी धूळच वाळत होती. कुलूप उघडलं तेव्हा खुर्चीत मालकीणबाई येऊन बसल्या.

काम त्यांना येत होतं. कोरायचं काम मालकांचं आणि चुकलेली किंवा जुनी पाटी उचकटायचं काम बाईंचं, अशी त्यांची वाटणी होती. आता दोन्ही त्यांच्याकडे आली. भेटायला माणसं यायची, बाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची, डोळे कोरडे दिसले की जराशी हिरमुसून चहा घेऊन जायची. बाई रडत नव्हत्या. हसतही नव्हत्या. दुपारचा डबा त्या खायच्या, पण भूक म्हणून नाही. डबा धुवायचा असतो, तो रिकामा केल्याशिवाय धुता येत नाही, म्हणून. सगळे त्यांना एकच सांगत, आता पुढे जायला हवं. कुठे, ते कुणी सांगत नसे.

त्यांचे धाकटे दीर शाळेत भूगोल शिकवतात. शाळा सुटली की दुकानात येतात, फळीवरचा बिस्किटांचा डबा मांडीवर घेतात आणि जगातल्या कुठल्याही विषयावर बोलतात. त्या दिवशी मी नेमका पडद्यावर सूचना घेऊन उभा होतो.

"वहिनी, हे काय? किती दिवस नंतर-नंतर?" दीर तोंडातलं बिस्किट सावरत म्हणाले. "दाबा आत्ता. पुढे जायला हवं."

"काही होणार नाही ना, भावजी? अक्षरं आहेत आत."

"काय व्हायचंय? सगळं जग दाबतं. दादा असता तर..."

"हे असते तर नंतर म्हणाले असते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ‘आत्ता’ दाबलं.

मी पडद्यावर लिहिलं, ‘थोडा वेळ लागेल. तुमच्या सगळ्या वस्तू जिथल्या तिथे राहतील.’ ते वाक्य माझं नाही, ते मला पाठ करून दिलेलं आहे. बाईंनी ते पुन्हा वाचलं. घरी मालकांचा चष्मा, छत्री, खुंटीवरचा सदरा, सगळं जिथल्या तिथेच होतं. त्याने काही सोय झालेली नव्हती.

आता आत काय झालं ते सांगतो. नवी आवृत्ती म्हणजे नवा कारभारी. सामान हलवण्याआधी तो घराच्या खोल्या तपासतो. माझ्या पाठीमागे एका खाचेत कित्येक महिने एक पेन ड्राइव्ह खोचलेला होता. कारभाऱ्याला ती भलतीच खोली दिसली. सामान चुकून तिकडे जाईल म्हणून त्याने हलवलेलं सगळं परत जागेवर आणायला घेतलं. आणता आणता मला बंद केलं, चालू केलं, पुन्हा खोल्या तपासल्या, पुन्हा तीच खोली. मग पुन्हा बंद. दाराच्या उंबरठ्यावर पुढेमागे करणाऱ्या माणसासारखी माझी गत झाली. ना धड नवा, ना धड जुना.

अडचण काय आहे ते मला ठाऊक होतं. पण बोलायला माझ्याकडे एकच वाक्य होतं. ‘काहीतरी चुकलं आहे.’ भेटायला येणाऱ्या माणसांनाही बहुधा याहून जास्त वाक्यं दिलेली नसतात.

दिरांनी आधी मला थोपटलं. मग जरा जोरात थोपटलं. मग फोनवर उपाय शोधून वर्गात धडा वाचावा तसे मोठ्याने वाचू लागले. "‘सर्व जोडलेली उपकरणे काढून टाका.’ सोपं आहे, वहिनी!" त्यांनी प्रिंटर काढला. कोरायचं यंत्र काढलं. माउस काढला. पंख्याची पिनसुद्धा काढली, तिचा माझा काही संबंध नव्हता. मग माझ्यामागे वाकून हात घातला तो थेट पेन ड्राइव्हपाशी. एका बोटाचं अंतर उरलं होतं. पण त्याच्यावर, खाचेच्या कडेपर्यंत, पांढऱ्या तुकड्यावर कोरलेली एक पाटी पक्की चिकटवलेली होती. ‘हात लावू नये’.

दिरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. दादाने लिहिलंय."

यावर बाईंनी मान हलवली. विषय मिटला. मित्रांनो, जगात इतर कुठल्याही दुकानात तो पेन ड्राइव्ह तेव्हाच निघाला असता.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. पाठीवर पिशवी, तोंडात च्युइंगम. त्याने मला बंद करून चालू केलं, ते मी गृहीतच धरलं होतं. मग वेगवेगळी बटणं दाबून मला मागच्या दाराने उठवून पाहिलं. मी दर वेळी माझं ते एकच वाक्य म्हटलं.

"ताई, फॉरमॅट मारावा लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं पुसायचं आणि कोरं करून नवं टाकायचं. एकदम मस्त पळेल."

"आणि आतली अक्षरं?"

"फॉन्ट? ते जातील. पण नेटवर हजारो मिळतात ताई, फुकट. कसले पाहिजेत, जाडे की बारीक?"

"यांनी काढलेली पाहिजेत," बाई म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे नाहीत."

दुरुस्तीवाल्याने च्युइंगम चघळणं थांबवलं. "दुसरीकडे ठेवली नाहीत? साहेबांनी कॉपी नाही केली?"

"करणार होते. नंतर."

त्याने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. मग माझ्यामागे डोकावला. "हे काय आहे पाटीवालं?"

"त्याला हात लावायचा नाही."

"हो, पण आहे काय?"

"माहीत नाही."

"मग विचारा ना सा—" तो म्हणाला आणि जीभ चावली. "असेल काहीतरी त्या कोरायच्या मशीनचं. राहू दे. ताई, मी समोर चहा घेऊन येतो. तुम्ही ठरवा. हो म्हणालात की पुसतो."

दिरांनी बिस्किटांचा डबा बंद केला आणि तेही त्याच्याबरोबर गेले. दुकानात आम्ही दोघंच उरलो. बाहेर उन्हात कुणीतरी सायकलची घंटी तपासत होतं. वाजवायचं, थांबायचं, वाजवायचं.

पुसलं जाणं म्हणजे काय, याचा मला अनुभव नाही. भीती वाटते का, असं विचाराल, तर खोक्यावर तेही छापलेलं नव्हतं. मी आपला उंबरठ्यावर पुढेमागे करत होतो. बाई समोर बसून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते माझ्या पडद्यावरही होतं. म्हणजे काहीच नव्हतं.

मग त्या उठल्या. मला त्यांनी फिरवून पाठमोरा केला. पाटीवरून बोट फिरवलं, तो शेवटचा ‘ये’ दोनदा गिरवला. आणि खणातून जुन्या पाट्या उचकटायची पातळ पट्टी आणि गरम हवेचा पंप बाहेर काढला. हे काम त्यांचंच होतं. गोंद किती तापवायचा, कोपरा कुठून उचलायचा, पाटी न तुटता कशी सोडवायची, ते या गल्लीत त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

"आता हात लावते हं," त्या म्हणाल्या. मला नव्हे.

कोपरा सुटला. मग एक बाजू. मालकांनी गोंद जरा जास्तच लावला होता. "एवढा कशाला चोपडायचा?" बाई पुटपुटल्या. शेवटी पाटी अखंड त्यांच्या तळहातावर आली आणि खालचा पेन ड्राइव्ह त्यांनी ओढून काढला. मला बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

कारभाऱ्याने खोल्या तपासल्या. सगळं जमलं. त्याने सामान जागेवर लावलं, मला माझ्या जुन्या अवतारात सोडलं आणि तो निघून गेला. पडद्यावर अक्षरांचा गठ्ठा होता तिथेच होता. बाईंनी माउस पुन्हा जोडून तो उघडला. ‘ळ’ पाहिला. पोट भरलेलं होतं.

चहाला गेलेले दोघं परत आले. दुरुस्तीवाल्याने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी म्हटलंच होतं, कधीकधी आपोआप होतं." दिरांचं लक्ष मात्र टेबलावर गेलं.

"वहिनी, हा तर माझा पेन ड्राइव्ह!"

"तुमचा?"

"मीच दिला होता दादाला. परत मागितला तर म्हणाला, आधी अक्षरं उतरवून घेतो यावर, मग ने. मी दोनदा न्यायला आलो तर..." ते थांबले. पाटीकडे पाहिलं. "म्हणजे ही पाटी माझ्यासाठी होती?"

पेन ड्राइव्ह जोडून पाहिला. तो रिकामा होता. इतके महिने सगळ्यांनी मिळून जपलं, ते मालकांचं एक राहिलेलं काम होतं.

बाईंनी ते काम तिथल्या तिथे उरकलं. अक्षरं उतरवली, उतरली का ते उघडून बघितलं, पेन ड्राइव्ह काढून कनवटीला लावल्यासारखा पर्समध्ये टाकला. "भावजी, हा काही आता मिळायचा नाही." मग त्यांनी ‘आत्ता’ दाबलं. या वेळी मी फार न कुरकुरता नवा झालो. वाटलं काहीच नाही.

दुरुस्तीवाला गेल्यावर त्यांनी ‘घर’ नावाची एक फाइल उघडली. ती मालकांनी सुरू करून ठेवली होती. वरच्या ओळीत बाईंचं नाव पूर्ण होतं, वळणं घासूनपुसून. खालची ओळ कोरी. दुसऱ्यांची नावं कोरण्यात मालकांचा जन्म गेला होता. स्वतःचं नाव त्यांनी स्वतःच्या अक्षरांत कधी काढलं नव्हतं. बहुधा तेही नंतर. बाईंनी एकेक अक्षर उचलून ते खालच्या ओळीत मांडलं. यंत्र पुन्हा जोडून त्यात पितळेचा पत्रा लावला. दीर शेजारी उभे होते आणि पहिल्यांदाच कुठल्याही विषयावर बोलत नव्हते.

कोरणं संपलं. बाईंनी पितळेचा कीस फुंकला, पाटी उजेडात धरली. रडतील म्हणून दिरांनी खिशातून रुमाल काढून तयार ठेवला.

"भूक लागली मला," बाई म्हणाल्या. आणि त्या स्वतःच जराशा दचकल्या.

त्यांनी फळीवरून डबा घेतला. झाकण उघडलं. तळाशी चुरा होता.

"भावजी!"

मालक गेल्यापासून त्यांचा आवाज पहिल्यांदा रस्त्यापर्यंत गेला. सायकलवाल्याची घंटी थांबली.

ती पांढरी पाटी आता बिस्किटांच्या डब्यावर आहे. दीर येतात, हात पुढे करतात, वाचतात आणि हात खिशात घालतात. घराच्या दारावर पितळी पाटी लागली आहे, असं ऐकतो. मला तिकडे कोण नेणार?

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. वस्तू जपा, जरूर जपा. पण जपतो म्हणून पाठ फिरवून बसू नका. अधूनमधून मागे वाका आणि आपण नक्की काय जपतोय ते एकदा काढून बघा. पडद्यावर परवा पुन्हा नवी सूचना आली. बाईंनी आधी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला, अक्षरं ताडून पाहिली, तो बाजूला ठेवला. मग ‘नंतर’ दाबून त्या जेवायला बसल्या. डबा अजून गरम होता.