धोंड्याच्या महिन्यातली मासळी

अधिक महिना म्हणजे पंचांगाने काळाच्या वस्त्राला लावलेले ठिगळ. आणि त्या ठिगळावर जावई नावाच्या माणसाला बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालण्याची आपल्याकडे रीत आहे. राणीसावरगावात त्या दिवशी असे ऊन पडले होते की सावल्याही भिंतींना चिकटून उभ्या होत्या. अशा उन्हात नागेश एसटीतून उतरला, तो थर्माकोलचा पांढरा डबा पोटाशी धरून.

डब्यात बर्फ होता आणि बर्फात करंगळीएवढी कुपी. नागेश परभणीला ज्वारीवर पीएच.डी. करीत होता. ज्वारीच्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. पण काही ठिकाणी, निराळ्या जनुकातून घडलेला एक निराळा हिस्टोन नेहमीच्याची जागा घेऊन बसतो. एच-टू-ए-झेड त्याचे नाव. काही वनस्पतींत असे दिसले आहे की उष्णता वाढली की हा आपली बैठक सोडतो, धागा सैल होतो, मिटून बसलेली जनुके बोलू लागतात आणि झाड वेळेआधी फुलते. ज्वारीतही तसेच घडते का, हे सांगू शकणारा एकमेव साक्षीदार त्या कुपीत होता: नेमक्या त्याच हिस्टोनला ओळखून चिकटणारे प्रतिपिंड. गार राहिले तरच ते कामाचे. दुसरी कुपी येईपर्यंत प्रबंधाची मुदत संपली असती, आणि मुदतीबरोबर नागेशही.

हैदराबादहून ती घेऊन त्याला थेट परभणी गाठायची होती. पण सासूबाईंचा, कस्तुराबाईंचा, फोन आला होता. "जावईबापू, आज धोंडे खायला न्हाई आलाव तर म्या तोंडात घास घालणार न्हाई."

"हे आधी फ्रीजमध्ये ठेव," दारातच त्याने बायकोला, राजेश्रीला, सांगितले. राजेश्रीने डबा आईच्या हाती दिला आणि ती नवी साडी नेसायला आत गेली.

कस्तुराबाईंनी थर्माकोलचा डबा आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला होता: गंगाखेडच्या बाजारात, मासळीवाल्याच्या पुढ्यात. फ्रीजमध्ये नैवेद्याचे दूध होते, पुरण होते. त्यांनी एकवार फ्रीजकडे पाहिले, एकवार डब्याकडे, आणि नवऱ्याला, व्यंकटरावांना, कोपऱ्यात ओढले.

"आवं, जावयानं मासळी आणलीय."

"धोंड्याच्या महिन्यात?"

"हळू बोला. शहरात ऱ्हाऊन माणूस असंच बिघडतंय."

"वास तर न्हाई येत."

"बर्फात हाय म्हणून. गोठ्यामागं ठेवून या गुपचूप. जाताना देऊ हातात. जावयाचा अपमान नको."

अशा रीतीने, कुणाचाही अपमान होऊ नये म्हणून, ज्वारीचे भवितव्य गोठ्यामागच्या उन्हात नेऊन ठेवण्यात आले.

नागेश पाटावर बसला. कपाळी कुंकू, डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल. पानात तुपात बुडालेले धोंडे, शेजारी अनारशांचे ताट आणि तेवता दिवा. पान संपेपर्यंत जावयाने उठायचे नाही. उठला तर त्याने सासरचे अन्न नाकारले, असे सारे गाव पुढच्या अधिक महिन्यापर्यंत बोलत राहते.

समोर चुलतसासरे मुंजाजी बसले होते. बराच वेळ त्यांनी कुतूहल आवरून धरले. मग ते सुटले.

"जावईबापू, रागाला येऊ नका. रहू हाय का मरळ?"

"काय?"

"मासळी ओ, डब्यातली. मी मांजर नेऊन बसवलं डब्याजवळ, पण ते हुंगून निघून गेलं. लय शिळी दिसतीय."

नागेशच्या हातातला घास पानात पडला. "डबा कुठंय, काका?"

"गोठ्यामागं. उन्हात."

क्षणभर त्याच्या अंतःकरणात सासूबाई आणि कुपी समोरासमोर उभ्या राहिल्या. मग उष्णता वाढली, आणि एच-टू-ए-झेडवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाने बैठक सोडली.

"पानावरून उठले गं बाई!" स्वयंपाकघरातून आर्त स्वर आला.

गोठ्यामागे बर्फाचे पाणी झाले होते आणि त्यात कुपी तरंगत होती. नागेशने ती गालाला लावली. गार होती, जेमतेम, पण गार. उष्ट्या हाताने तिला उंच धरून तो धावत परतला, तर फ्रीजच्या दाराला पाठ लावून कस्तुराबाई उभ्या. एका हातात पळी, दोन्ही डोळ्यांत पाणी.

"माझ्या अन्नावरून उठलाव. आन् कशापायी? मासळीपायी!"

"मामी, ही मासळी नाही. माझं तीन वर्षांचं काम आहे. फ्रीज उघडा, पाया पडतो."

"आत नैवेद्य हाय. ह्याच्यात जनावराचं काय न्हाई, असं म्हणा आन् ठेवा."

एक लहानसे खोटे बोलायचे होते. पण जे दिसले तेवढेच लिहायचे, ही सवय नागेशच्या हाडांत शिरली होती.

"ससा," तो खाली मान घालून म्हणाला. "सशाच्या रक्तातून काढलेलं आहे."

कस्तुराबाईंची पळी वर गेली.

"आरं बाबौ," मुंजाजी पुटपुटले, "मासळी परवडली."

"मेला का तो ससा?" कस्तुराबाईंनी विचारले.

"नाही. कानाच्या शिरेतून थोडं थोडं घेतात."

"परत घेत्यात का?"

"काही दिवसांनी घेतात."

"खायला घालत्यात?"

"चारा घालतात. गाजरं घालतात."

कस्तुराबाईंनी पळी खाली केली. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या.

"मंग असं सांगा की. दुभता हाय."

त्यांनी फ्रीज उघडला, नैवेद्याचे दूध जरा सरकवले आणि दुधाच्याच शेजारी कुपीला जागा करून दिली. मग दार लावून वळल्या.

"आता बसा. पहिल्यापासून."

"मामी, अर्धं जेवलो होतो मी."

"उठलाव तितंच ते गेलं. राजेश्री, नवं पान मांड."

"अहो, बसा आता मुकाट्यानं," राजेश्री हसू दाबत म्हणाली.

नागेश बसला. पहिल्यापासून सुरू केलेल्या धोंड्यांनी त्याचे डोळे जड होऊ लागले होते, तोच त्याला दिसले की व्यंकटरावांनी केवळ मायेपोटी फ्रीज उघडून कुपी वरच्या बाजूला उचलली आहे.

"मामा, बर्फाच्या कप्प्यात नको!" पुरणाने भरलेल्या तोंडाने तो ओरडला. "गोठली तर संपलं! खालीच, दुधाजवळ!"

पण उठला मात्र नाही. आणि तो तिकडे पाहतो आहे, एवढी संधी साधून कस्तुराबाईंनी त्याच्या पानात आणखी एक धोंडा वाढला.