अर्ध्यावर अडकलेला काटा

ठकी सात महिन्यांची. माझ्याकडे झोपेल तर शपथ. मांडीवर नाही, खांद्यावर नाही, पाळण्यात तर नाहीच. आणि सासूबाई म्हणतात, "दुपारी दोन-दोन तास गाढ असते गं. एकेकाच्या हाताला गुण असतो."

हाताला गुण कसला? चष्म्याच्या दुकानातली अर्ध्या दिवसाची नोकरी आटोपून मी तीनला घरी यावं, तर पोर पेंगुळलेली. मी तिचं तोंड हुंगलं. दुधाचाच वास. तरी खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारून ठेवली.

"आईवर पाळत? डोकं ठिकाणावर आहे ना?" नवरा म्हणाला.

"आहे, म्हणूनच."

औषध रेघेवरच राहिलं. माझी शंका मात्र काही जाईना.

रविवारी गाडी काढली. सासऱ्यांनी घेतलेली, सोळा वर्षांची, आता माझी. काचा हाताने फिरवायच्या, आणि पेट्रोलचा काटा कायमचा अर्ध्यावर अडकलेला. म्हणून पेट्रोल भरलं की किलोमीटरचा आकडा मी चिठ्ठीवर लिहून समोरच्या काचेवर ऊन अडवायला असलेल्या झडपेत खोचते. तीनशे झाले की पुन्हा भरायचं. त्या दिवशी सीट पुढे ओढलेली होती, गुडघे स्टिअरिंगला लागले.

"गाडी विकायला दाखवतोयस का कुणाला?"

"ह्या डबड्याला कोण बघायला येणार?" नवरा हसला.

मी त्याच्याकडे रोखून बघत राहिले. चिठ्ठी बघायचं राहूनच गेलं.

सोमवारी एक वाजता दुकानात फोन आला. "अगं, घाबरू नकोस," सासूबाई म्हणाल्या. मागे ठकीचा टाहो. "गाडी बंद पडलीय. काटा तर अर्धी टाकी दाखवतोय."

"कुठे आहात तुम्ही?"

"दवाखान्यामागच्या रस्त्यावर. रोज इथूनच तर वळते."

रोज!

कॅनमध्ये पेट्रोल घेऊन पोचले. मागे ठकी तिच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली, लालबुंद. पुढे सासूबाई, बुडाखाली उशी.

"गाडी येते तुम्हाला?"

"तुझा नवरा चालायला लागायच्या आधीपासून." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्याकडेही झोपत नव्हती गं. ह्या खडखडाटात झोपली. सांगणारच होते. पण बाटलीवरची रेघ दिसली, मग तोंडच उघडेना."

मी पेट्रोल ओतलं. मागे ठकीशेजारी बसले.

"चला आई, तुम्हीच चालवा."

तिसरा गिअर पडायच्या आत ठकीची मान कलली.

घरी पोचल्यावर मी झडपेतली चिठ्ठी काढून दाखवली. "काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे बघायचं." त्यांनी चष्मा लावला, आकडा मोठ्याने वाचला आणि माझ्या अक्षराखाली आजचा लिहिला.

मग मी आत जाऊन बाटली घेतली. साबणाने घासली, नखाने रेघ खरवडली. शाई पक्की निघाली.