अप्पाची अकरा मिनिटं

खंडेनवमीला बाणूबाईनं विळा, कुऱ्हाड, सुनेचं शिलाई मशीन, सगळं एका ओळीत मांडलं आणि त्या ओळीत कॉम्प्युटरचा डबाही आणून ठेवला. ठेवला तो चालूच. ट्रॅक्टरची पूजा करताना इंजिन सुरू ठेवतात, मग यालाच कामून बंद ठेवायचं? हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि डब्याला टेकवलेल्या दगडावर तिनं नारळ हाणला. एका दणक्यात दोन भकलं! बाणूबाईचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवसापासून डबा टक् टक् करायला लागला, आत पाल अडकल्यासारखा.

सून तुळजा डब्याला कान लावून बसली. कॉम्प्युटर तिच्या माहेरचा. त्यात फारसं काही नव्हतं. पण त्यात तिचा बाप होता. इरप्पा जन्मभर मेंढरांमागं हिंडला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तुळजानं त्याचा आवाज भरून घेतला होता. अकरा मिनिटं तो नुसत्या हाका मारतो: मेंढरं पाण्यावर बोलवायची एक, लांडगा दिसल्याची दुसरी, पहिलटकरीण मेंढीला चुचकारायची तर अगदीच वेगळी. पुढं अप्पा गेला, मेंढरं विकली, आणि त्या हाका कुणाच्याच तोंडात उरल्या नाहीत. सात महिन्यांची सौम्या दुपारी झोपली, की तुळजा आवाज बारीक करून त्या ऐकत बसायची. मोबाईलवर घेईन, घेईन म्हणता राहून गेलं. अंगावरचं लेकरू असताना कुठलं काम वेळेवर होतं?

बसवकल्याणच्या बसस्टँडजवळ अमरेशचं दुकान होतं. त्यानं डबा उघडला, कान दिला आणि लगेच झाकला.

"हार्ड डिस्क गेली, अक्का. नवी टाकतो. घोड्यावानी पळतंय बघा मग."

"आन् आतलं?"

"आतलं काय, गाणी भरून देतो की! मराठी, कन्नड, काय पाहिजे ते."

"माझ्या अप्पाचा आवाज हाय त्यात."

अमरेश ओशाळला. स्क्रू परत आवळत म्हणाला, "मग बिदरला पंचाक्षरी अण्णाकडं जावा. मी हात लावत न्हाई."

पण सौम्याला ताप आला आणि बिदर चार दिवस लांबलं. त्या चारही दिवशी तुळजानं डबा चालू केला. फक्त एकदा ऐकू दे, एवढंच. कधी हाक मध्येच तुटायची, कधी पडदा नुसता निळा व्हायचा. मग ती बंद करून पुन्हा लावायची.

पाचव्या दिवशी सासू-सून बसनं निघाल्या. तुळजाच्या मांडीवर डबा, बाणूबाईच्या मांडीवर नात.

पंचाक्षरी अण्णा साठीचा, कपाळाला विभूती, डोळ्यावर भिंग. त्यानं डिस्क बाहेर काढून तळहातावर घेतली.

"कुठं आपटली?"

"आपटली न्हाई," बाणूबाई म्हणाली. "पूजा केली."

"चालू असताना?"

"मग? झोपलेल्याची पूजा करतेत व्हय कुठं?"

अण्णा हसला. "दसरा झाला की असले दोन-चार येतेतच माझ्याकडं." मग तुळजाकडं वळला. "त्याच्यानंतर किती बार लावला?"

"रोज."

"कामून?"

"ऐकायला."

त्याचं हसणं गेलं. "आत तबकडी फिरतीय, अक्का. वरची सुई आता तिला घासायलीय. जितके बार लावलं, तितकं खरवडून गेलं."

हाक ऐकावी म्हणून तुळजानं डबा लावला होता, आणि ऐकता ऐकता तीच हाक खरवडून काढली होती.

"जे येईल ते नव्या डिस्कवर उतरवतो. बसा," अण्णा म्हणाला.

बाकड्यावर बाणूबाई सुनेच्या तोंडाकडं बघत नव्हती. नातीकडं बघतच म्हणाली, "माझ्या हातानं झालं गं."

"तुमचा एक नारळ, आत्त्या. मी चार दिवस घासलं."

बाणूबाईनं नातीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

ऊन दुकानाच्या पायरीवरून उतरलं तेव्हा अण्णानं हाक मारली. "सुरुवातीचं एक मिनिट आलंय. पुढचं सगळं गेलं."

त्यानं लावलं. आधी खोकला. मग इरप्पा: "झालं का गं सुरू? थांब, मुंडासं बांधू दे."

"अप्पा, फोटो न्हाई, आवाज घ्यायलेय." हा कॉलेजातल्या तुळजाचा आवाज.

"असू दे. लोकं ऐकणार हायती न्हवं?" मग काहीतरी सरसरलं, बहुतेक मुंडासंच. "तू जेवलीस का गं? सकाळधरनं उपाशीच फिरायलीस."

तिथं संपलं. एकही हाक नाही. हा तुकडा तुळजा नेहमी पुढं ढकलून द्यायची. हाका सुरू होईपर्यंत तिला दम नसायचा. बाप असं काही बोलला होता, हेच ती विसरली होती.

"परत लावू?" अण्णानं विचारलं.

तिनं दचकून त्याचा हात धरला. "नको, घासंल."

"न्हाई अक्का, ही नवी हाय. दिवसभर लावा, काय होत न्हाई."

"मग लावा."

इरप्पा खोकला. मुंडासं बांधलं. जेवलीस का, म्हणाला.

"न्हाई अजून," तुळजा म्हणाली. पण तोवर आवाज संपला होता.