पिंपातलं ऑइल

व्हर्ना नाटियुक कॅफेत शिरली तेव्हा तिच्या हातांत लोणच्याच्या दोन बरण्या होत्या आणि लोणचं एकीतही नव्हतं. सकाळचे दहा वाजले होते. खिडकीजवळच्या लांब टेबलाशी गावातले म्हातारे रोजच्यासारखे कॉफीला बसले होते. गहू कधी विकावा इथपासून पंतप्रधानाला काय कळत नाही इथपर्यंत सगळ्याचा निकाल याच टेबलावर लागायचा. बायकांना तिथं मज्जाव नव्हता, पण इंजिनाविषयी बोलायला आजवर एकही आली नव्हती.

"वहिनी, काय आणलंत खायला?" तिचा धाकटा दीर मेट्रो म्हणाला.

"ऑइल," व्हर्ना म्हणाली आणि बरण्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

प्रकार गमतीचा दिसत असला तरी व्हर्नासाठी प्रश्न तिच्या घराचा होता. तिच्या पिकअपला वायर जोडून विजेवर इंजिनाला ऊब दिली की ती मुकाट चालू व्हायची. पण डिसेंबरात उणे चौतीसच्या सकाळी वीज गेली, पिकअप दोनदा कण्हली आणि गप्प बसली. बॅटरी नवीकोरी, तरीही. शेवटी मेट्रोला फोन करावा लागला, आणि ते नेमकं सास्काटून शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीला, कॉलीनला कळलं.

"आई, पुन्हा एकदा जरी गाडी चालू करायला कुणाला बोलवावं लागलं ना, तर तू इकडे मी बघून ठेवलेल्या फ्लॅटमध्ये राहायला यायचंस," कॉलीननं बजावलं. "सगळ्यात जवळचं घर चार मैलांवर आहे तुझ्या!"

व्हर्ना रागाच्या भरात "बरं" म्हणून बसली. आणि दिलेला शब्द तिला मोडता यायचा नाही, ही तिची जुनी खोड. सातव्या मजल्यावरचा तो फ्लॅट तिनं पाहिला होता. बाल्कनीत टोमॅटोच्या दोन कुंड्या कशाबशा मावल्या असत्या. इथली तिची बाग अर्ध्या एकराची होती.

मग तिनं पिकअपच्या खणात अकरा वर्षं प्लास्टिकमध्ये पडून असलेली गाडीची पुस्तिका बाहेर काढली. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या तिच्या नवऱ्यानं, ओरेस्टनं, ती कधी उघडलीच नव्हती. त्याचा मामला सरळ होता. शेडमध्ये 15W-40 ऑइलचं निळं पिंप. ट्रॅक्टरला तेच, हार्वेस्टरला तेच आणि पिकअपलाही तेच. आसपासच्या सगळ्या शेतकऱ्यांची हीच रीत. पुस्तिकेत मात्र लिहिलं होतं, कडाक्याच्या थंडीत 0W-30 घाला. पहिला आकडा जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात वाहतं राहतं, आणि दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. एवढ्याशा गोष्टीवर पुरुषमंडळी चाळीस वर्षं कॉफी ढोसत होती!

"दोन्ही बरण्या रात्रभर घराबाहेर पायरीवर होत्या. आत्ता गाडीच्या हौद्यातून आणल्यात," तिनं सांगितलं आणि पहिली उलटी धरली. पिंपातलं ऑइल बुडालाच चिकटून राहिलं. बऱ्याच वेळानं त्यातून एक जाड लोळ नाइलाजानं खाली निघाला. 0W-30 ची दुसरी बरणी तिनं नुसती कलती केली, तर ऑइल लगेच झाकणाशी येऊन थांबलं.

"हे तर पाणी आहे पाणी!" मेट्रो उसळला. "उन्हाळ्यात गव्हाची ट्रॉली ओढायला लावा, मग कळेल. इंजिनाचा भुगा होईल."

"तापल्यावर ते तीसच्या जाडीचं राहतं, भावजी. पुस्तिकेत तीसच मागितलंय."

"पुस्तिका लिहिणाऱ्यानं कधी गहू वाहिलाय?"

गॅरेज चालवून निवृत्त झालेल्या लॉर्ननं पिंपातल्या ऑइलची बरणी हातात घेऊन हलवून पाहिली. "मेट्रो, हे तर मधासारखं बसलंय. पावाला लावून खा."

सगळं टेबल खदखदून हसलं. मेट्रोचे कान लाल झाले. "म्हणजे आमच्या ओरेस्टला काही कळतच नव्हतं म्हणा की!"

  व्हर्नानं बरण्या उचलल्या आणि कुणाकडे न बघता ती बाहेर पडली.

घरी येऊन ती शेडमध्ये त्या निळ्या पिंपापाशी बराच वेळ उभी राहिली. ओरेस्टचं ऑइल सांडून दुसरं घालायचं म्हणजे त्याच्या पाठीमागे त्याला खोटं पाडल्यासारखं वाटत होतं. शेवटी ती मोठ्यानं म्हणाली, "रागावू नकोस रे," आणि गाडीखाली शिरली. अर्धा लिटर ऑइल बाहीत गेलं, बाकीचं डब्यात. फिल्टर बदलला, नरसाळं लावलं आणि 0W-30 ओतलं.

जानेवारीत कॉलीन रविवारसाठी आली आणि सोमवारी सकाळी वीज गेली. उणे एकोणचाळीस. कॉलीन फोन हातात घेऊन अंगणात उभी राहिली.

"मेट्रोकाकाला लावू का?"

"खबरदार, बटणाला हात लावलास तर!"

व्हर्नानं किल्ली फिरवली. इंजिन जडपणे एकदा वळलं, दुसऱ्यांदा वळलं आणि घरघरत सुरू झालं. व्हर्नानं गाडीतच आरोळी ठोकली. शेजारी उभी असलेली कॉलीनची शहरी गाडी मात्र नुसती टकटक करून मेली होती. तेवढ्यात कॉलीनच्या हातातला फोन वाजला.

"कॉलीन, तुझ्या आईची गाडी चालू झाली का गं?" मेट्रोचा आवाज फार मऊ होता. "नाही म्हणजे... माझी अडलीय. बॅटरीला जोडायची केबल घेऊन इकडे येता येईल का तिला?"

कॉलीन हसत हसत पिकअपच्या फूटबोर्डवर बसलीच. "येतो आम्ही, काका. आता आईलाच बोलवायचं सगळ्यांनी."

रात्रभरात गारठून खालून चपटी पडलेली चाकं धाडधाड आपटत दोघी निघाल्या. फाटकाशी कॉलीन म्हणाली, "फ्लॅट नको म्हणून कळवते आजच." मग थोड्या वेळानं, जरा चाचरत: "आई, बाबा इतकी वर्षं चुकीचंच ऑइल घालत होते का गं?"

व्हर्नानं काचेवरचा बर्फ हातमोज्यानं पुसला.

"तुझे बाबा प्रत्येक हिवाळ्यात पहाटे चारला उठून बाहेर जायचे, वायर लावून परत येऊन झोपायचे. मी सातला आयती किल्ली फिरवायचे. त्यांच्या गाडीत ते ऑइल चालून जायचं. मला मेलीला चारला जाग येत नाही, म्हणून मी बदललं."