आक्काचा उरलेला डोळा

तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये दुपारचे ऊन टेबलावर तिरपे उतरले, की हिरवट-सोनेरी राशीतून माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, बोटे झरझर फिरू लागत. काळपट मणी तिच्या नजरेतून सुटला, असे वीस वर्षांत घडले नाही. बोलणे मात्र मोजके. लष्करातला नवरा गेल्यापासून एकटेपण तिच्या आवाजातही मुरले होते.

गेल्या हिवाळ्यात भाकरी चावताना तिचा जबडा भरून येऊ लागला, वेणी घालताना कानशील ठणकू लागले. साताऱ्याहून फोनवर मी अक्कल पाजळली, "दाढ किडली असेल, काढून टाक." धाकट्या भावाचे ऐकून तिने एक सोडून दोन दाढा काढून घेतल्या, दुधात कुस्करलेल्या भाकरीवर दिवस काढले, आणि एका सकाळी ती उठली, तेव्हा उजव्या डोळ्यापुढे काळोख होता.

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितले, दाढांचा काहीच दोष नव्हता. कानशिलाच्या धमन्यांना सूज होती. ती डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचली आणि आतल्या पडद्याला रक्त मिळेनासे झाले. लवकर आणले असते तर डोळा वाचला असता, हे ते अगदी हळू बोलले, तरी मला अजून ऐकू येते. आता गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला आहे, झोप उडाली आहे, आणि तरीही डाव्या डोळ्याची हमी कोणी देत नाही.

ती मला बोल लावत नाही. लावला असता तर बरे झाले असते. रोज सकाळी तिचा फोन येतो. "हाय रं, दिसतंय अजून," एवढेच म्हणून ती ठेवते. मग दिवसभर त्या घरात तिच्याशी बोलायला कोणी नसते.

परवा भेटून निघालो, तेव्हा उंबऱ्याशी तिने माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवले.

"हलू नगंस. नीट बघून ठिवतीया तुला."

कितीतरी वेळ तिची नजर माझ्या कपाळावरून, पिकल्या मिशांवरून सावकाश फिरत राहिली. माणूस गेल्यावरच त्याची आठवण होते, असे मी आजवर समजत होतो. त्या दिवशी मी तिच्यापुढे धडधाकट उभा होतो, आणि तिच्यासाठी आठवण होत होतो.