भागीरथाच्या पाठीचा राक्षस

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना राक्षस आहे खरा, पण कागदाचा. माझे सुळे रंगाचे आहेत, शिंगं बांबूच्या कामट्यांची आहेत आणि मी आजवर कोणालाही खाल्लेलं नाही, कारण मला पोटच नाही. मी नुसता चेहरा आहे. चेहऱ्याला बोलता येत नाही, फक्त पाहता येतं, आणि ते काम मी आयुष्यभर केलं आहे.

माझा जन्म वडशाचा. तिथे नाटकांचे पडदे रंगवणारा चैतू पेंटर होता. त्याने रद्दी कागद भिजवून कुटले, त्यात चिंचोक्याची खळ कालवली आणि मला घडवलं. डोळे त्याने सगळ्यात शेवटी काढले. ऐन थंडीचे दिवस होते, रंग वाळेना, म्हणून त्याने मला शेगडीजवळ धरलं आणि माझा डावा डोळा तडकला. तडा झाकायला चैतूने तो डोळा मोठा केला. डब्यातला काळा रंग तोवर संपला होता, म्हणून कोळशाची पूड खळीत घोटून त्याने त्या डोळ्यात भरली. तेव्हापासून माझे डोळे जुळे नाहीत. डावा वटारलेला आहे, उजवा जरा विचारात पडल्यासारखा. चैतूने मला दूर धरून पाहिलं आणि लगेच कापडात गुंडाळलं.

मला घ्यायला लटारू आला. तो जंगलाच्या काठाच्या एका गावचा शेतकरी, आणि गावच्या दंडारीतला, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातला राक्षस. आमच्या झाडीपट्टीत नाटक हे थंडीचं पीक आहे. धान घरात आलं आणि हवेला धार चढली, की लोक चादरी, घोंगड्या घेऊन मंडपात येऊन बसतात. त्यामुळे मी वर्षभर थंडीची वाट पाहत असे. मी पडद्यामागून डोकावलो की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरत आणि पदराच्या भोकातून पुन्हा मलाच पाहत. लटारूच्या आवाजाला टाळ्या पडत. मला मात्र वाटे की त्या माझ्याच आहेत. राक्षसाला थोडा गर्व शोभतो, मित्रांनो.

पुढे माईक आले. मुखवट्याआडून आवाज घुमतो, कोणाला काही कळत नाही, असं ठरलं. राक्षस तोंडाला रंग फासून येऊ लागले. लटारूने मला चुलीवरच्या वाशाला टांगलं. त्या धुरात मी किती वर्षं काढली, ते मला सांगता यायचं नाही. एका पावसाळ्यात लटारू तापाने गेला. घरात त्याची बायको भागीरथा, मुलगा आणि सून रंजीता राहिली. मुलगा कामासाठी हैदराबादकडे गेला. माझ्याकडे मान वर करून पाहायला कोणाला सवड नव्हती.

मग गावात भीती आली. जंगलात तो पूर्वीही होता, पण आता तो धानात येऊन बसू लागला. त्याचं नाव कोणी घेत नसे. 'तो' म्हटलं की लहान पोराला सुद्धा समजे. गेल्या वर्षी शेजारचा झाडू नावाचा माणूस शेतावर गेला आणि त्याचा विळाच तेवढा परत आला. तो पाठीमागून येतो, माणसाचे डोळे दिसले की थबकतो, असं लोक म्हणू लागले. वनखात्याने गावात घरटी एक असे प्लास्टिकचे पातळ मुखवटे वाटले आणि बायामाणसं ते डोक्याच्या मागे बांधून कामाला जाऊ लागली.

भागीरथाने आपल्या वाट्याचा मुखवटा रंजीताला दिला आणि काठीने मला वाशावरून खाली काढलं. ओल्या फडक्याने काजळी पुसता पुसता ती सुनेला म्हणाली, "जिनगानीभर यानं लोकायले भेव दाखवला. आता वाघाले दाखवू दे."

असा मी पुन्हा कामाला लागलो. पण सगळं उलटं झालं होतं. ती पुढे पाही, मी मागे. ती जिथे पोचायची ते मला कधी दिसलं नाही, तिने जे मागे सोडलं तेच मी पाहिलं. गावातले लोक चेष्टेने म्हणत, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. भागीरथाही हसत असे. हळूहळू तिला माझा इतका भरवसा वाटू लागला, की पाचोळा वाजला तरी ती मान वळवत नसे. मागचं पाहायला मी होतो ना.

यंदा थंडी आलीच नाही. दिवाळी झाली, कार्तिक सरत आला, तरी सकाळी धुकं आणि दुपारी घाम. आभाळ मळकं. बांध्यांतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यांतलं पाणी आटेना. पिकलेलं धान वाकून चिखलाला टेकलं. लोक भेटले की एकमेकांना हेच विचारत, थंडी कुठी गेली यंदा? एकदा थंडी पडली, कोरडं वारं सुटलं, की बांध्या वाळतील, सारं गाव एकदम कापणीला उतरेल, माणसांचा गलका होईल आणि तो आत जंगलात निघून जाईल. सगळ्यांची आशा एकाच गोष्टीला टांगलेली होती.

भागीरथाची बांधी सगळ्यांत शेवटची, जंगलाला लागून. तिचं धान हलकं, लवकर पिकणारं. दाणे गळू लागले होते. ती थांबू शकत नव्हती. रंजीताला घेऊन ती रोज जाऊ लागली.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी मुखवटे वाटणाऱ्यांना सुचली नसेल. धान कापायला माणूस वाकतं. माणूस वाकलं, की त्याच्या डोक्यामागचा मुखवटा आभाळाकडे पाहू लागतो. भागीरथा वाकली की मला ढग दिसत. ती मूठभर धान कापून ताठ उभी राहिली, की मला बांधी दिसे. ढग. बांधी. ढग. बांधी.

एका सकाळी ती उभी राहिली तेव्हा पलीकडच्या धानात मला दोन कान दिसले. ती वाकली. मी ढग पाहिले. ती उठली तेव्हा कान नव्हते, पण अलीकडचं धान हलत होतं, आणि वारा मुळीच नव्हता. पुन्हा ढग. पुन्हा ती उठली तेव्हा तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसला होता आणि माझ्याकडे पाहत होता. मीही पाहिलं. मला दुसरं काय येतं? बऱ्याच वेळाने तो उठून गेला. भागीरथा पुढे पाहत गुणगुणत होती.

त्यानंतर तो रोज आला. रोज जरा जवळ बसे आणि जरा जास्त वेळ बसे. मांजर पाटावरच्या दुधाकडे पाहतं, तसा तो मला न्याहाळे. माझी भीती एकच होती. नाटकात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण मी कधी पापणी लववत नाही. ते त्याच्या लक्षात येऊ नये, असं मला वाटे. आणि मला वाटतं, ते येऊ लागलं होतं.

मग एका रात्रीत थंडी आली. सकाळी भागीरथाच्या तोंडातून वाफ निघाली आणि ती लहान पोरीसारखी हसली. आळीभर लोक हात चोळत एकमेकांना सांगत होते, पडली एकदाची. रंजीताने पेटीतून तपकिरी शाल काढली. मी भागीरथाच्या डोक्यामागे बांधलेलाच होतो. रंजीताने शाल तिच्या डोक्यावरून घेतली, कान झाकले आणि हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. तिच्या बोटांत फार माया होती. त्याच बोटांनी माझे डोळे झाकले गेले, आणि ते दोघींपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

भागीरथा पुढे निघाली. रंजीता आंबील घेऊन मागून येणार होती. शालीच्या आत काळोख होता. मला विळ्याची खरखर ऐकू येत होती. घामाची ओल माझ्या चेहऱ्यावर साचत होती. कुठेतरी वानर खाकरलं आणि बगळे फडफडत उडाले. भागीरथाचा विळा थांबला. ती ताठ उभी राहिली, रोजच्यासारखी. आपल्या मागे आपला राक्षस जागा आहे या भरवशावर ती पुढेच पाहत राहिली. मित्रांनो, त्या वेळी मला ओरडता आलं असतं तर मी शिंगं, सुळे सगळं देऊन टाकलं असतं.

तेवढ्यात रंजीताचा आवाज आला. ती ओरडली नाही. चुलीपाशी बोलावं तशी ती हळू बोलली.

"माय, वाकू नका. मांगं पाहू नका. शाल काढा डोक्यावरची."

भागीरथाला सगळं कळलं. तिचे हात गाठीकडे गेले, पण थंडीने बोटं बधिर झाली होती आणि गाठ मायेने मारलेली, सुटता सुटेना. ज्या थंडीची सगळ्यांनी वाट पाहिली, तीच आता तिच्या बोटांत बसली होती. शेवटी तिने शाल तशीच ओरबाडून काढली. माझ्यावर उजेड पडला.

तो समोर होता. त्याच्या मिशांवरचं दव मला दिसलं. मागचे पाय त्याने पोटाखाली ओढून घेतले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तो उठला नाही. त्याने मला ओळखलं होतं.

त्याच वेळी शालीतली ओल माझ्या वटारलेल्या डोळ्यावरून ओघळली. चैतूने खळीत भरलेला कोळसा तिच्याबरोबर वाहू लागला. डोळ्यातलं काळं खाली सरकलं, गालावर आलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझा डोळा हलला.

तो दचकला. एक पाऊल मागे, मग दुसरं, आणि धान त्याच्या अंगावरून मिटलं.

घरी आल्यावर लोकांनी मला हळदकुंकू वाहिलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. मला गळा नाही, पण मी ते चालवून घेतलं. सगळे गेल्यावर भागीरथा सुनेला म्हणाली, "याच्या भरोशावर म्या मांगं पाहणंच सोडलं होतं, बाई."

रंजीताने दिव्याची काजळी तेलात कालवून माझा डोळा पुन्हा भरला. आता ती रोज सकाळी आधी सासूला शाल गुंडाळते आणि मग वरून मला बांधते. दोनदा चाचपून पाहते. शेतावर जाताना ती भागीरथाच्या मागे चालते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रिकामी वाट नसते, माणसाचा चेहरा असतो. तो मला फार आवडतो.

आज थंडी कडक आहे. जंगलाकडचा शेवटचा तुकडा कापायचा राहिला आहे. आज रंजीताने सासूचं सगळं नीट केलं आणि उशीर झाला म्हणून स्वतःचं घाईने आवरलं. दुसऱ्याचं करताना ती काही विसरत नाही. आता ती भागीरथाच्या मागून चालत आहे. शाल तिच्या कानांवरून घट्ट आहे, नाक लाल झालं आहे. तिचा मुखवटा शालीच्या वर आहे की आत, ते मला समोरून दिसत नाही. तिच्या खांद्यापलीकडे धान हलत आहे. वारा नाही.

मित्रांनो, मला जपा, धूळ झटका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. थंडी पडली की आपल्या माणसांचे कान जरूर झाका, पण एकदा त्यांच्या मागे जाऊन पाहा. आणि तुमच्यापैकी कोणी आत्ता त्या वाटेवर असेल, तर रंजीताला हळूच सांगा. ओरडू नका. चुलीपाशी बोलावं तसं सांगा.